मॅटच्या कडेला: गुणफलक प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

उन्हाळी सुट्टीतल्या कराटे स्पर्धेसाठी गुणफलकाचं सॉफ्टवेअर आपणच करायचं, असं आज क्लासनंतर ठरलं. ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं. "दिवसभर कम्प्युटरवरच बसून राहते ना तू? मग हे पण करून टाक." काय हवं ते एवढ्यातच आलं. ऑफिसात अशी एका ओळीची मागणी आली की मी आधी प्रश्नांची यादी पाठवते. सरांना यादी पाठवून फायदा नाही, ते फोनवर फक्त सुप्रभात बघतात.

आजची परिस्थिती अशी: दोन मॅट, प्रत्येक मॅटला एक टेबल. टेबलावर पलटायचे पुठ्ठ्याचे आकडे, मोबाइलचं स्टॉपवॉच, शिट्टी आणि वही. ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी लढणार त्याचा तक्ता, एक्सेलमध्ये, आणि ती फाइल ज्याच्या लॅपटॉपवर आहे तो चहाला गेला की दोन्ही मॅट थांबतात. दरवर्षी दुपारनंतर पालक टेबलाभोवती गोळा होतात आणि "आमच्या पोराचा नंबर केव्हा?" सुरू होतं.

तयार सॉफ्टवेअर विकत मिळतात आणि चांगली आहेत. पण आम्हाला जो शाळेचा हॉल मिळतो तिथे मोबाइलचं नेटवर्क खिडकीपाशी उभं राहिलं तरच येतं. म्हणून पहिली अट: इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे.

माझ्याबद्दल, नोंदवही पुढे कुणाच्या हाती गेली तर असावं म्हणून: नोकरी नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कात, काम डेटाबेस चालू ठेवण्याचं. सकाळी साडेपाचला प्रतापनगरच्या समाजभवनात शोतोकान शैलीचं कराटे, आधी स्वतःचा सराव, मग लहान मुलांचा वर्ग. कराटे नोकरीच्या कितीतरी आधीपासून आहे.

११ फेब्रुवारी

आज कोड नाही. सीनियर मुलांच्या कुमिते, म्हणजे लढतीच्या, सरावाच्या वेळी टेबलावर बसून, टेबलाला नेमकं काय करावं लागतं ते लिहून काढलं.

पॉइंटचे नियम सरळ आहेत. हाताच्या तंत्राला यूको, १ गुण. धडावरच्या लाथेला वाझा-आरी, २. डोक्यावरच्या लाथेला किंवा खाली पाडून लगेच केलेल्या तंत्राला इप्पोन, ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपली. सीनियरला तीन मिनिटं, कॅडेट आणि ज्युनियरला दोन. लहानग्यांना आम्ही दीडच देतो. रेफ्री "यामे", म्हणजे थांबा, म्हणाला की घड्याळ थांबतं. पंधरा सेकंद उरले की एकदा बझर, वेळ संपली की दोनदा.

अडचण सेन्शूची. बरोबरीत लढत संपली तर, प्रतिस्पर्ध्यानं काही मिळवण्याआधी एकट्यानं पहिला पॉइंट घेतलेला जिंकतो. दोघांनी एकाच थांब्यात मारलं आणि दोघांनाही पॉइंट मिळाले तर सेन्शू कुणालाच नाही. टेबलावरचा माणूस मात्र बटणं एकामागून एकच दाबणार, आधी लाल, मग निळं. सॉफ्टवेअरनं "ज्याचं बटण आधी, त्याला सेन्शू" असा हिशोब लावला तर लालला फुकटचा फायदा. त्यात शेवटच्या पंधरा सेकंदांत पळत राहिल्याबद्दल ताकीद मिळाली तर घेतलेला सेन्शू परत जातो.

निर्णय: सेन्शू आपोआप नाही. रेफ्रीनं हातानं दाखवला की टेबल तो लावेल, रेफ्रीनं काढला की टेबल काढेल.

हा निर्णय लिहिताना लक्षात आलं की सगळ्या प्रकल्पालाच तो लागू आहे. मॅटवर काय झालं ते रेफ्री आणि चार कोपऱ्यांतले जज ठरवतात, दोन झेंडे एका बाजूला वर गेल्याशिवाय पॉइंट नाही. टेबलानं ऐकायचं, बघायचं आणि लिहायचं. यंत्रानं टेबलापेक्षा शहाणं होऊ नये.

१८ फेब्रुवारी

डेटाची मांडणी झाली. गुणांचा आकडा कुठेही साठवलेला नाही. साठवल्या आहेत फक्त घटना: घड्याळ सुरू, घड्याळ बंद, आका (लाल) यूको, आओ (निळा) वाझा-आरी, सेन्शू आका, ताकीद. त्या ओळीनं वाचत गेलं की गुण निघतात. चूक दुरुस्त करायची तर जुनी घटना खोडायची नाही, "अमुक घटना रद्द" अशी नवी घटना खाली जोडायची. बँकेच्या खातेवहीत खोडरबर चालत नाही, उलट नोंद करावी लागते, तसंच.

घड्याळ बघायला सोपं, करायला त्रासदायक. ब्राउझरमध्ये "दर सेकंदाला एक कमी कर" असं लिहिलं तर टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचा वेग कापतो आणि घड्याळ रेंगाळतं. म्हणून सेकंद मोजायचेच नाहीत. सुरू झालेल्या क्षणाची नोंद ठेवायची आणि दर वेळी आत्ताच्या क्षणातून ती वजा करायची. "आत्ता"सुद्धा भिंतीवरच्या घड्याळाचा नको, कारण मशीनची वेळ मध्येच दुरुस्त झाली तर लढत अचानक काही सेकंद पुढे किंवा मागे जाईल. ऑपरेटिंग सिस्टीमचं दुसरं घड्याळ असतं, जे फक्त पुढे जातं. ते घेतलं.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कम्प्युटर. त्याला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वीज गेली की तारीख विसरतो, आणि इंटरनेट नसल्यामुळे विचारणार कुणाला? डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मोड्यूल बर्डीवरून आणून जोडलं. डेटा मेमरी कार्डावर न ठेवता यूएसबीच्या एसएसडीवर. डेटाबेस एसक्यूलाइट, डब्ल्यूएएल पद्धतीत, म्हणजे नोंद आधी वेगळ्या फाइलीत आणि मग मूळ फाइलीत. त्यात "सिंक्रोनस"ची सेटिंग नॉर्मल ठेवली तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या एकदोन नोंदी हरवू शकतात. आमच्यासाठी शेवटची नोंद म्हणजेच भांडणाचं मूळ. फुल ठेवली. थोडं हळू चालेल. मिनिटाला दहा नोंदींना काय फरक पडतो.

२ मार्च, शनिवार

क्लासमधला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. "ताई, आपण एआयनंच पॉइंट देऊ ना. जज कायले पाह्यजे?" त्याचं काम टाकाऊ नव्हतं. मीडियापाइप वापरून त्यानं आमच्याच सरावाच्या व्हिडिओवर दोन्ही खेळाडूंचे सांधे काढून दाखवले. एका शरीराचे ३३ बिंदू, हिरव्या रेघांनी जोडलेले. एकटा मुलगा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करताना ते सुंदर चालतं. कुमितेत दोघं एकमेकांत शिरले की एकाचा कोपर दुसऱ्याच्या खांद्याला जोडला जातो. ड्रेसच्या रुंद बाहीत मनगटाचा बिंदू तर भटकतच राहतो.

आम्ही एक किझामी-झुकी, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, फ्रेमफ्रेम करून बघितली. फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेमांत ३३ मिलिसेकंदांची फट. हात सेकंदाला सहा मीटरनं जरी गेला तरी तेवढ्या वेळात वीस सेंटिमीटर पुढे जातो. एका फ्रेममध्ये मूठ हनुवटीच्या वीतभर अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये परत निघालेली. मधे लागली की नाही? लागली तर त्वचेला टेकली की दात हलले? व्हिडिओला माहीत नाही. कॅमेरा एकच, त्यामुळे कोण किती पुढे, किती मागे याचाही पत्ता नाही. बाजूनं गेलेला हात समोरून लागल्यासारखा दिसतो.

तो म्हणाला, मग वेगवान कॅमेरे लावू, नाही तर तायक्वांदोसारखे सेन्सर. बरं, तायक्वांदोचंच बघू. ऑलिम्पिकमध्ये लंडन २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक छातीरक्षक आले, रिओ २०१६ ला हेडगिअरमध्येही सेन्सर आले. पंचांवरचे आरोप कमी झाले. खेळ मात्र सेन्सरकडे वळला. पुढचा पाय हवेत धरून ठेवायचा, त्यानंच टोचत राहायचं, कारण सेन्सरला पायाचा स्पर्श कळतो, लाथेचा घाट कळत नाही. जुने तायक्वांदोवाले याला पायांची तलवारबाजी म्हणून नाकं मुरडतात. तलवारबाजीला निदान ती सोय तरी आहे: एपे प्रकारात विजेची तलवार १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून आहे, आणि तिथे टोक टेकलं की झालं, दुसरा प्रश्नच नाही.

कराट्यात प्रश्नच दुसरा आहे. पॉइंटसाठी सहा निकष: तंत्राचा आकार, खिलाडू वृत्ती, जोर, मारल्यानंतरही टिकलेलं भान म्हणजे झानशिन, वेळ साधणं आणि अंतर. वर, डोक्यावरचं तंत्र पूर्ण ताकदीनं जाऊन थांबलं पाहिजे. थांबवता आलं म्हणून गुण मिळतो. आघात मोजणारा सेन्सर लावला की तो नेमकं उलटं शिकवेल, जास्त जोरानं लागलेल्याला जास्त पसंती. आमच्या वर्गात दहा वर्षांची पोरं आहेत. नको.

मुलगा जरा हिरमुसला. त्याला ड्रॉचं काम दिलं. तिथे यंत्र माणसापेक्षा खरंच शहाणं आहे.

३ मार्च

काल बोलताना जे सुचलं नाही ते आज सकाळी मोकुसोमध्ये, म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसायच्या वेळी, आठवलं. तेव्हा असलं काही आठवू नये, पण आठवलं.

टोकियो ऑलिम्पिक, ७ ऑगस्ट २०२१, पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाचा अंतिम सामना. सौदीचा तारेग हामेदी इराणच्या सज्जाद गंजजादेहवर ४-१ नं पुढे. हामेदीची डोक्यावरची लाथ गंजजादेहला अशी बसली की तो बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. अनियंत्रित आघात म्हणून हामेदी अपात्र, हान्सोकु. फलकावर ४-१ आणि सुवर्णपदक एक गुणवाल्याला. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की तो जिंकलाय.

क्लासनंतर मोठ्या मुलांना ती लढत फोनवर दाखवली. अर्धे म्हणाले अन्याय झाला, अर्धे म्हणाले नियम म्हणजे नियम. सर नुसते म्हणाले, "लाथ चांगली होती. सोडायची कुठे ते चुकलं."

प्रकल्पापुरता अर्थ: विजेता ही गुणांतून निघणारी गोष्ट धरायची नाही. लढतीला "निकाल" नावाचा वेगळा रकाना आणि त्याचं कारण: गुण, सेन्शू, पंचांचा कौल, हान्सोकु, माघार. गुणांवरून यंत्र सुचवेल, पण टेबलानं रेफ्रीचा हात बघून पक्कं केल्याशिवाय ड्रॉमध्ये नाव पुढे सरकणार नाही. पॅरिसला यंदा कराटेच नाही, तेव्हा असा धडा पुन्हा ऑलिम्पिकमधून मिळायचा नाही.

कातासाठी सोपा मार्ग घेतला. टोकियोत सात पंच ५ ते १० मध्ये गुण देत होते, तंत्राला ७० टक्के, शारीरिक बाजूला ३० टक्के, वरचे दोन आणि खालचे दोन गुण बाद. दशांशांचं गणित करायला मला आवडलं असतं. पण सात पंच आणायचे कुठून? आमचे झेंडेच बरे.

२४ मार्च, होळी

बटणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला काही वाटत नाही.

टॅबलेटचा टच स्क्रीन सगळ्यांनी सुचवला. माझा विरोध असा की टचला डोळे लागतात. बोट कुठे पडतंय ते बघायला टेबलावरचा माणूस मान खाली घालतो आणि त्याच क्षणी रेफ्रीचा हात वर जातो. रेफ्रीचा इशारा हा आमच्या सिस्टीमचा इनपुट, त्यावरून नजर हटता कामा नये. म्हणून यूएसबीचा आकड्यांचा कीपॅड, दुकानदार हिशोबाला वापरतात तो. डावा उभा स्तंभ लाल: १ यूको, ४ वाझा-आरी, ७ इप्पोन. उजवा स्तंभ निळा: ३, ६, ९. मधला स्तंभ, २, ५, ८, स्क्रूड्रायव्हरनं सरळ उपटून काढला. तिथे खड्डा राहतो आणि खड्ड्याच्या या बाजूला लाल, त्या बाजूला निळं, हे बोटाला न बघता कळतं. खालचं रुंद शून्य अंगठ्यानं दाबायचं, त्यावर घड्याळ सुरू-बंद. रद्द करायचं बटण सर्वांत वर, आणि ते सेकंदभर दाबून धरावं लागतं.

वर्गातल्या एका मुलीची आजी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या. नातीला सोडायला येतात आणि सतरंजीवर बसून पेपर वाचतात. त्यांना काकू म्हणतो सगळे. सहज त्यांच्यापुढे कीपॅड ठेवला. त्यांनी बोटं ठेवली, खड्डा चाचपला, म्हणाल्या, "माझा पाच कुठे गेला?" मग पाचेक मिनिटांत माझ्याकडे बघत, गप्पा मारत बरोबर बटणं दाबायला लागल्या. मी "आओ वाझा-आरी" म्हटलं की सहा, "आका यूको" म्हटलं की एक. काउंटरवर नोटा मोजताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची सवय असते, असं त्यांचं म्हणणं. मुख्य टेबल त्यांना दिलं. त्यांची एक अट: एंटरच्या जवळ काहीही धोक्याचं नको. एंटरलाच आता काही काम नाही.

बाजूंचा घोळही आजच निस्तरला. टेबलावरून आका ज्या हाताला दिसते त्याच हाताला कीपॅडवर लाल. समोर बसलेल्या पालकांच्या टीव्हीवर मात्र बाजू उलट हव्या. दोन पडदे, दोन मांडण्या.

उद्या धुळवड, कीपॅड कपाटात ठेवले आहेत.

३० मार्च

ऑन-कॉल. रात्री अडीचला फोन, मुख्य डेटाबेसचा सर्व्हर पडलेला. पर्यायी सर्व्हरवर जायचं तर आमच्या टीमची पद्धत आहे: आज्ञा टाइप केली की मोठ्यानं वाचायची, लाइनवरच्या दुसऱ्यानं "बरोबर" म्हटलं की मगच एंटर. पहाटे चारला सगळं सुरळीत, साडेपाचला क्लास. कांकू-दाई नावाच्या कातात मी दोनदा दिशा चुकले आणि सरांनी काही विचारलं नाही, नुसती पुन्हा करायला लावली.

लोक विचारतात, कराट्यामुळे कामात एकाग्रता वाढली असेल ना? मला हा प्रश्न आवडत नाही. अपुऱ्या झोपेवर कुणीच एकाग्र नसतं, ब्लॅक बेल्ट असो की नसो. दोन्हीकडे कामाला येतं ते फार साधं आहे: तोंडानं म्हणून करणं. किहोनमध्ये, म्हणजे मूळ तंत्रांच्या सरावात, आकडे ओरडून मोजतात. जपानी रेल्वेत चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात. आमच्या टेबलालाही तेच लावलं. बटण दाबणाऱ्यानं म्हणायचं "आका यूको", शेजारच्यानं पडदा बघून म्हणायचं "आका यूको, तीन-एक". मुलांना आधी हसू आलं. करतील.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून श्रीखंड खाल्लं आणि नावांच्या यादीत शिरले ती रात्रीच बाहेर आले.

फी भरल्याची यादी एकाकडे, वजनाची दुसऱ्याकडे. दोन्ही मराठीत, पालकांच्या फोनवरून आलेल्या. दोन्ही जुळवल्या तर एका गटात एकच मुलगी दोनदा. आडनाव वऱ्हाडे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखं दिसतं. आतून बघितलं तर एका फोननं नुक्त्याचा ऱ देऊन त्याला हलन्त लावला आहे, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडक टाकला आहे. डोळ्याला एक, मशीनला दोन. गोऱ्हे आणि कऱ्हाडे यांचीही हीच गत.

युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं. साधा र आणि वेगळा नुक्ता असेल तर ते त्याचा एकसंध ऱ करून देतं. अदृश्य जोडकवाला प्रकार मात्र त्याच्या हिशोबी वेगळाच शब्द आहे. "मग जोडक सगळीकडून काढून टाकू," असा ड्रॉवाल्या मुलाचा उपाय. काढून बघितला: वऱ्हाडेच्या डोक्यावर रफार चढला, वर्हाडे. शेवटी स्वतःचा नियम लिहिला की र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला तर त्याच्या जागी ऱ आणि हलन्त; बाकी जोडकांना हात नाही. विदर्भातल्या यादीत वऱ्हाडे सापडत नसेल तर ती यादी काय कामाची.

प्रमाणपत्रांची कथा वेगळी. पीडीएफ करायची जी लायब्ररी घेतली होती ती अक्षरं साठवलेल्या क्रमानं ठेवत जाते. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दाखवताना अलीकडे न्यावी लागते, ते तिला येत नाही. "द्वितीय"मध्ये द चा पाय मोडलेला, व वेगळा, वेलांटी त्याच्या पलीकडे. लायब्ररीशी भांडण्यात अर्थ नव्हता. प्रमाणपत्र वेबपान म्हणून केलं आणि ब्राउझरमधूनच छापलं. जोडाक्षरं त्याला येतात. पानाची भाषा मराठी म्हणून सांगितली की, फॉन्टात सोय असेल तर, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. सरांनी नमुना बघून फक्त सहीची जागा मोठी करायला सांगितली.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज नागपुरात मतदान, लोकसभेचा पहिला टप्पा. आमचा हॉल ज्या शाळेत आहे तिथेच केंद्र, म्हणून स्पर्धा आधीच मेच्या पहिल्या शनिवार-रविवारवर ढकलली होती. मत देऊन आले. रांगेत पुढचे काका शाईचं बोट दाखवत म्हणाले, "ऊन पाहून राहिली ना बाई? टोपी घालत जा."

ड्रॉ तयार. गटात ३७ मुलं असतील तर ६४ चा ड्रॉ आणि २७ जणांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न लढताच पुढची फेरी. एकाच क्लबची मुलं पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ नयेत अशी वाटणी यंत्र एका झटक्यात करतं. मागच्या वर्षी हेच हातानं करताना पहाट झाली होती. अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी, तेही बसवलं.

२१ एप्रिल

हॉलमध्ये रंगीत तालीम.

पहिला शत्रू कूलर. हॉलला मोठे दोन, लोखंडी, ताट्यांचे. पंखा सुरू झाला की व्होल्टेज पडतं, आणि टेबलाजवळचे प्लग त्याच लाइनवर. इलेक्ट्रिशियन भाऊंनी बोर्ड उघडून बघितलं आणि टेबलांसाठी स्टेजमागच्या वेगळ्या लाइनवरून वायर ओढून दिली. शिवाय रास्पबेरी पाय आणि राउटर यूपीएसवर. टीव्ही यूपीएसवर नाही, तेवढी ताकद नाही.

दुसरा शत्रू वायफाय. तीनशे पालकांचे फोन हॉलमध्ये आले की २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चारी बाजूंनी हॉटस्पॉट. त्यापेक्षा टेबलांना इथरनेटची केबल. मॅटच्या कडेनं भिंतीलगत टाकली, वरून रुंद टेप. मुलं अनवाणी धावतात, म्हणून टेपच्या कडा मी स्वतः हात फिरवून बघितल्या.

तिसरं, उष्णता. रास्पबेरी पाय ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो. बंद प्लास्टिकच्या डब्यात तालमीतच तो पंचाहत्तरीला टेकला. डबा काढला, अॅल्युमिनिअमचा आणला, छोटा पंखा लावला. कूलरच्या झोतात ठेवायची सूचना आली होती. त्या हवेतलं पाणी बघून नाही म्हटलं.

४ मे, शनिवार

सकाळी आठला वजनं, साडेनऊला पहिली लढत. बाहेर चाळिशी केव्हाच ओलांडलेली.

अकराच्या सुमारास हॉलची मुख्य लाइन गेली. पंखे, कूलर, टीव्ही, सगळं बंद. दुसऱ्या मॅटवर लढत चालू होती. रेफ्रीनं यामे दिला आणि टेबलाकडे बघितलं. काकूंच्या शेजारच्या मुलानं लॅपटॉपकडे बघून म्हटलं, "आका चार, आओ दोन, सेन्शू आका, एक्केचाळीस सेकंद." रेफ्रीनं मान हलवली. वीज आल्यावर टीव्हीवर तेच आलं. पालकांना काही वेगळं घडल्याचं जाणवलंही नसावं.

दुपारी तक्रार. बाहेरगावच्या क्लबचे प्रशिक्षक: "आमच्या पोरीले यूको देला होता, बोर्डावरून गायब केला." रीतसर विरोध नोंदवला. घटनांची यादी छापून दिली: आओ यूको; सहा सेकंदांनी तो रद्द; मग घड्याळ सुरू. म्हणजे टेबलानं लावला आणि हाजीमेच्या, म्हणजे लढत पुन्हा सुरू करायच्या हुकमाच्या, आधी काढला. का काढला ते यादीत नाही, असणारही नाही. रेफ्रीला विचारलं तर ते म्हणाले, तोरीमासेन, म्हणजे गुण नाही, असा इशारा दिला होता, दुसरा झेंडा खाली गेला. प्रशिक्षकांना ते पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पोरीला पाणी पाजायला गेले. एवढं खरं, की या वेळी भांडण "टेबलवाल्यांनी खाल्ला" इथे अडकलं नाही. रेफ्रीच्या निर्णयावर बोलणं झालं, आणि ते तिथेच व्हायला हवं.

५ मे

कालच्यापेक्षा सुरळीत. पहिल्या मॅटवर दुपारनंतर घाम आणि कूलरची ओल मिळून मॅट निसरडी झाली, पुसायला कपडे कमी पडले. कपड्यांची व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. पुढच्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत टाकली.

मुलांच्या अंतिम लढतींपैकी एक बरोबरीत संपली. सेन्शू नव्हता, दोघांनी पहिला पॉइंट एकाच थांब्यात घेतला होता. पंचांचा कौल, झेंडे तीन-दोन. टेबलानं निकाल "कौल" म्हणून पक्का केला. ड्रॉवाला मुलगा शेजारी उभा राहून हे बघत होता. नंतर म्हणाला, "ताई, हे बटणाच्या क्रमानं दिलं असतं तर उलटा लागला असता ना?" हो, उलटा लागला असता.

प्रमाणपत्रं जागेवर छापली. वऱ्हाडेचं नीट आलं, तिसरा क्रमांक.

१२ मे

वर्ध्याच्या एका क्लबला सॉफ्टवेअर हवं आहे. सरांनी मला न विचारता हो म्हटलं. त्यांचा माणूस येऊन दिवसभर बसला, सगळं बघितलं, रास्पबेरी पायची प्रत करून घेतली. एकच आग्रह: सेन्शू आपोआप पडावा, त्यांच्याकडे टेबलावर नवीन मुलं असतात, विसरतात. मी नाही म्हटलं. मग मधला मार्ग निघाला: पहिला पॉइंट लागला की टेबलाच्या पडद्यावर, टीव्हीवर नाही, "सेन्शू? रेफ्रीकडे बघा" एवढी पिवळी पट्टी येईल. लावायचं हातानंच. ती पट्टी आमच्याकडेही ठेवली. काकूंनी त्यांच्या टेबलावर ती बंद करायला सांगितली आहे, त्यांना गरज नाही म्हणे.

बाकी राहिलेलं: निळ्या बाजूचं ९ चिकटतं, कीपॅड बदलायचा. तिसरी मॅट लावायची तर राउटरला पोर्ट पुरत नाहीत, स्विच घ्यावा लागेल. जूनच्या सुरुवातीला माझी ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, आहे, तोवर कोडला हात लावणार नाही, असं सरांना सांगून ठेवलंय.